जयराम मेस्त्रीची पारख

जयराम मेस्त्रीबरोबर बाजारात जायचं म्हटलं की नर्मदेच्या कपाळाला आठ्या पडत. कुवेत शहरात, मिरकाबच्या गल्लीत भेंडी घ्यायची, तर हा माणूस एकेक भेंडी उचलून तिचं शेपूट वाकवून बघणार. मागे माणसं खोळंबायची. इराणी भाजीवाला छताकडे बघून अल्लाला साक्षीला बोलवायचा.

"भेंडी घेतात काय जावय बघतात?" नर्मदा दबक्या आवाजात विचारायची.

"जावय खराब निघालो तर नशिबाक बोल लावतलस. भेंडी निबार निघाली तर माकाच बोलतलस," जयराम म्हणायचा आणि पुढची भेंडी उचलायचा.

तांदूळ, सुके बांगडे, चपला, सगळ्याला हाच नियम. घ्यायचं ते स्वस्तातलं, पण स्वस्तातलं चांगलं. महाग वस्तू चांगली असते हे कुणीही सांगेल, त्याला कसली आलीय अक्कल, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा त्याने एखाद्या वस्तूला चांगलं म्हटलं की ती चांगलीच निघायची. नर्मदा कुरकुरायची, पण भेंडी कोवळी असायची हे तिलाही नाकारता येत नव्हतं.

जयराम कुडाळकडचा सुतार. कुवेतला आला तो अहमदीत, तेल कंपनीच्या जुन्या क्वार्टर्सची दारं-खिडक्या बसवायच्या कंत्राटावर. कंत्राट संपलं तेव्हा मिरकाबमधल्या अबू फहदने त्याला ठेवून घेतलं. अबू फहदचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं आणि त्याला बंदुकांचे मोडके लाकडी दस्ते नवे करून देणारा माणूस हवा होता. पुढे नर्मदाही नर्सच्या व्हिसावर आली आणि सरकारी इस्पितळात लागली. एकुलती मुलगी योगिनी कुडाळला मामाकडे शाळेत. दर उन्हाळ्यात दोघं जाऊन तिला भेटून यायची. नव्वद साली मात्र अबू फहद म्हणाला, मी बायकामुलांना घेऊन दोन महिने कैरोला जातोय, दुकान तू सांभाळ, तुझी सुट्टी सप्टेंबरात घे. जयरामने मान डोलावली आणि किल्ल्या घेतल्या. नर्मदेने एकटीने जायचं नाही म्हणून आपलीही रजा पुढे ढकलली.

दस्ते दुरुस्त करणारा जयराम काडतुसांत कसा शिरला त्याची गंमतच आहे. दुकानात सगळ्यात जास्त खप छोट्या काडतुसांचा, पॉइंट टूटूचा. करंगळीच्या पेराहून जरा लांब, पेन्सिलीएवढं जाड. क्लबात कागदावर निशाणा साधणारी पोरं तीच न्यायची आणि हिवाळ्यात वाळवंटात ससे-पाखरं मारायला जाणारे म्हातारेही तीच. महागडी खोकी सगळेच विकायचे. अबू फहदला हवी होती स्वस्त आणि तरी दगा न देणारी. आणि स्वस्तात दगा फार.

नर्मदेला हे सगळं जेवताना ऐकावं लागे. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टिकली असते, बंदुकीचा टोचा तिच्यावर बसला की बार उडतो. या छोट्याला टिकली नाही. ठिणगीचा मसाला बुडाच्या पोकळ कडेत गोल फिरवून भरलेला. भरताना कुठे कमी पडला आणि टोचा नेमका तिथेच बसला, तर नुसतं 'टिक' होणार. अशा गोळीला जयराम मुकी म्हणायचा.

"मुकी निघाली तरी नळी लगेच वर करूची नाय. कधी कधी मागसून बोलता," तो भाताचा घास हातात धरून सांगायचा.

"तुमी आधी हात धुवलात काय? शिसा पोटात जाता," नर्मदा विचारायची.

मग तो उठायचा, साबणाने हात धुऊन यायचा आणि गोष्ट जिथे सोडली तिथून पुढे चालू. कुठलाही नवा माल आला की तो प्रत्येक लॉटमधली थोडी काडतुसं घेऊन शुक्रवारी शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून कागदावर पाच-पाच गोळ्या मारायचा. पाचही भोकं शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली गेली तर लॉट चांगला. चार झाकली आणि एक लांब गेलं, तर तो दुसरा कागद लावायचा. मुक्या किती, नळीत काजळी किती धरते, शिशावरचं मेण बोटाला कोरडं लागतं की ओलं, हे सगळं बघूनच माल फळीवर. एक लॉट आवडला की त्याच लॉटची खोकी मागवायची, कारण तीच कंपनी पुढच्या लॉटला काय देईल याचा भरवसा नाही.

"निशाण्याक शांत गोळी होयी आणि शिकारीक तापट," हे त्याचं लाडकं वाक्य. शांत गोळी हळू जाते, पण दर वेळी सारखी जाते. तापट गोळी जोरात जाते, तिच्या टोकाला खळगा असतो, आत शिरली की ती फुलते आणि जनावर जागच्या जागी पडतं. एकदा त्याने तसली फुललेली गोळी घरी आणून नर्मदेला दाखवली होती. शिशाचं वेडंवाकडं फूल, कडेला चार-पाच जाड पाकळ्या. नर्मदेने ती बोटाने ढकलून ताटापासून लांब सारली.

गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "झेन?" म्हणजे चांगलं आहे का? जयराम म्हणायचा, "झेन," नाहीतर तोंडावर सांगायचा, "मू झेन." चांगलं नाही. मालकाच्या फळीवरच्या मालाला नोकराने मू झेन म्हणायचं! पहिल्यांदा अबू फहद ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की एकदा मू झेन ऐकलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी चार मित्र घेऊन येतं. शिवाय जयराम कुणाला सगळा माल एकदम घेऊ द्यायचा नाही. प्रत्येक जातीचं एकेक खोकं न्या, आपल्या बंदुकीला विचारा, तिला आवडेल ते मग भरून न्या. नळी नळीची आवड वेगळी.

त्या जूनमध्ये एक मोठी खेप बंदरावर कंटेनरात उन्हात पडून राहिली. आत आली तेव्हा मेण वितळून खोक्यांना डाग पडले होते. जयरामने त्यातली मारून बघितली. अर्ध्याअधिक मुक्या, काही अर्धवट फुसफुसणाऱ्या, भोकं कागदभर. परत पाठवायची म्हणून त्याने ती पेटी मागच्या खोलीत मोरीच्या ओट्याखाली सारून ठेवली.

ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला पहाटे इराकचे रणगाडे शहरात आले.

पहिल्या आठवड्यात लोकांनी फक्त पाणी भरलं आणि रेडिओ ऐकला. दुकानं फुटली. सोन्याची, टीव्हीची, चपलांची. जयराम घरात येरझारा घालायचा. "दुकानाच्या किल्ल्यो माझ्याकडे आसत," तो म्हणायचा.

"मगे? तुमी रणगाड्यासमोर किल्ली धरून उभे रवतलात?"

ते त्याला शोधतच आले. शेजारच्या दुकानदाराने बोट दाखवलं असावं. एक कॅप्टन आणि दोन सैनिक. शटर फोडायचं की उघडतोस, एवढंच विचारलं. नर्मदा दारात उभी राहून जिना रिकामा होईपर्यंत बघत राहिली. दुपार कलली तेव्हा जयराम परत आला. एका खांद्यावर साखरेची पिशवी, दुसऱ्यावर मैदा. तोंडावर, नर्मदेला चांगलं आठवतं, भीती नव्हती. थोडी शरम होती आणि तिच्याखाली थोडी फुशारकी.

मोठ्या बंदुका त्यांनी नेल्या. छोट्या काडतुसांकडे सैनिकांनी बघितलंही नाही. पण कॅप्टन शौकीन निघाला. त्याने टूटूची एक देखणी बंदूक उचलली, फळीवरची खोकी बघितली आणि विचारलं, यातलं कुठलं झेन?

"आणि तुमी सांगलात?"

"मी इचारलंय, निशाण्याक काय शिकारीक?"

नर्मदेने कपाळावर हात मारून घेतला. "शत्रू दारात इलो आणि तुमी तेका गिरायक केलात?"

"तो हसलो गो. म्हणालो, शिकार. गच्चीवर कबुतरां फार झाली आसत. मगे मी तेका सांगलंय, आदी बंदुकेक इचारूक होया. अंगणात नेऊन चार जातीची मारून बघली. तिसरी जात तिका आवडली. काय बंदूक आसा! पाचांतली पाच..." तो साखरेच्या पिशवीकडे बघून म्हणाला, "मी मागूक नाय हां. तेनीच दिली."

शहरात साखर मिळत नव्हती. नर्मदेने पिशवी उघडून डब्यात ओतली. चतुर्थीला मूर्ती नव्हती, कॅलेंडरातलं चित्र होतं. तिने मैद्याच्या पुऱ्या तळल्या, साखरेचा शिरा केला आणि शेजारच्या खतिजालाही वाटी नेऊन दिली.

खतिजा दापोलीकडची. तिचा नवरा शिंप्याच्या दुकानात कारागीर. शिरा चाखून ती म्हणाली, "तुजा मेस्त्री भारी हाय हो. आमच्या ह्यांना सैनिकांनी काय दिलं? लाथ!"

सप्टेंबर आला आणि माणसं निघायला लागली. बसने बसरा, बगदाद, तिथून जॉर्डन, जॉर्डनहून विमान. वकिलातीच्या दारात रांगा. खतिजाच्या नवऱ्याने दोन जागा लावल्या आणि म्हणाला, तुमच्याही दोन सांगू का? नर्मदेने त्या दिवशीच ट्रंक काढली.

जयरामचा पासपोर्ट अबू फहदच्या दुकानातल्या कपाटात असायचा, सगळ्याच मालकांची तशी पद्धत. कपाटातलं सगळं आता कॅप्टनच्या टेबलात होतं. जयराम मागायला गेला. कॅप्टनने चहा पाजला आणि म्हणाला, तू गेलास तर मला निवडून कोण देणार? लढाई संपू दे, मग मी स्वतः तुला विमानात बसवीन. मग हसतच म्हणाला, बसराच्या रस्त्यावरच्या चौकीत माझीच पोरं आहेत, तुझं तोंड ओळखतात.

"तू चल," खतिजा म्हणाली. "बाप्ये मागून येतात. तुजी पोरगी हाय तिकडं. तू काय येडी हायस इथं बसायला?"

"मी गेलंय तर हे परत येवचे नाय," नर्मदा म्हणाली. "हेंका कोणी झेन इचारल्यान की हे उत्तर देत बसतले."

खतिजा गेली. जाताना तिने शिऱ्याची वाटी घासून परत दिली आणि वाटीत, रिकामी द्यायची नाही म्हणून, दोन लवंगा घातल्या.

इमारत ओस पडली. नर्मदा इस्पितळात जायची, जयराम दोन-तीन दिवसांनी कॅप्टनकडे. तो बंदूक पुसून द्यायचा, नवी खोकी द्यायचा. कधी तेल मिळायचं, कधी डाळ. नर्मदा त्याला रोज एकच सांगायची. "एकदा खराब दिया. तुमची परीक्षा नापास होऊंदे. आपणच हाकलीत."

"माझ्या हातसून खोटो माल जावचो नाय."

"हातसून! ह्यो हात धरूनच तुमका बसवन ठेवल्यान हा थय."

या बाबतीत जयराम मेस्त्री दगड होता.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी इस्पितळाच्या मागच्या दाराशी कुणीतरी एक तरुण आणून ठेवला होता. ठेवणारे निघून गेले होते. वीस-बावीसचा, पायांत एकच चप्पल, अंग थंड पडलेलं. अंगावर जखम दिसेना. नर्मदेने डोकं वळवलं तेव्हा कानामागे भोक दिसलं, एवढंसं, हरभऱ्याएवढं. रक्तही फारसं नव्हतं. आणि दुसरीकडून गोळी बाहेर पडलेली नव्हती.

डॉक्टर शर्मिला सबनीस मुंबईच्या. अजून न गेलेल्या थोड्या भारतीय डॉक्टरांतल्या एक. त्यांनी चिमट्याने आतलं काढून ट्रेमध्ये टाकलं. "इतकी लहान? हे काही लष्करी हत्यार नाही, सिस्टर. पाखरं मारायची बंदूक असेल," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

ट्रेमध्ये शिशाचं वेडंवाकडं फूल होतं. कडेला जाड पाकळ्या.

नर्मदेने ट्रे उचलला, ते फूल कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि ट्रे उकळायला लावला. घरी ती काही बोलली नाही. शहरात अशा बंदुका काय एकच असतील? कुवेती घराघरांत असायच्या. असं तिने स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

मग दुसरा आला. त्याचं भोक त्याच जागी. आणि आठवड्याच्या आत तिसरा. त्याला डॉक्टर सबनिसांनी चिमटा लावलाच नाही, काय उपयोग म्हणाल्या. नर्मदेने स्वतः त्याचं तोंड पुसलं. मिशी नुकती फुटलेली होती.

त्या दुपारी ती घरी आली तेव्हा जयराम स्वयंपाकघरात बसून स्टोव्ह दुरुस्त करत होता. तिने डबा ठेवला, पदराने मान पुसली आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"त्या कॅप्टनाक तुमी खयची दिलात? शांत काय तापट?"

"तापट. शिकारीची. कित्या गो?"

"टोकाक खळगो असलेली?"

"होय." त्याने पिन खाली ठेवली. तिचा चेहरा बघून त्याला काहीतरी समजलं असावं, कारण पुढे त्याचा आवाज बारीक झाला. "खय?"

नर्मदेने बोट आपल्याच कानामागे लावलं.

त्याने स्टोव्हचा बर्नर काढून फडक्यावर ठेवला. मग म्हणाला, "शहरात आणि कोणाकडे टूटू नाय काय? कितकी आसतली."

"आसतली."

"मगे?"

"मगे काय नाय. तुमी एकदा फुल दाखवलेलात. तसाच होता."

तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. नर्मदा पाटावर बसली. आता रडून चालणार नव्हतं, आणि तिला रडू येतही नव्हतं. "ऐका. ती मोरीखालची कुजकी पेटी काढा. उद्या तीच दिया. झेन म्हणान दिया."

"नर्मदा..."

"काय नर्मदा? अजून माल खोटो जावचो नाय?"

"माल खड्ड्यात गेलो गो." जयराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुका मुकी म्हणजे काय ता म्हायत नाय. कबुतराचा वेगळा, तेका कळत नाय. माणसाच्या कानामागे नळी लावल्यानी आणि टिक वाजला. तो मेलोच नाय, पण मेलो. मगे परत. मगे तिसऱ्यांदा. आणि ती अर्धी पेटणारी, ती मारीत नाय, नुसती घुसता. शिकारीक बरी गोळी कित्याक होयी? जनावर तडफडता नये म्हणान. मी बरी दिलंय म्हणान ते निदान..."

हा विचार नर्मदेचा आधीच करून झाला होता. चादर सारखी करताना, ट्रे उकळताना. अर्धवट घुसलेलं काय करतं हे तिला त्याच्याहून जास्त माहीत होतं. काही शिकारी मुकी गोळी निघाली की उठून जातात, उद्या बघू म्हणतात. तसाही कुणी वाचेल. काही जात नाहीत. कॅप्टन कुठल्या जातीचा, ते तिला माहीत नव्हतं आणि जयरामलाही नव्हतं.

"माका सगळा समाजता," ती म्हणाली. "वाचतले ते वाचतले. मरतले ते... माझा चेडू, माझी योगिनी थय वाट बघता. माका तुमी होयात. पुण्य माका नको."

हे बोलल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तिने शब्द मागे घेतला नाही. उठून भाताचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम दुकानात गेला. मागच्या खोलीत मोरीखालची पेटी ओढली. डागाळलेली खोकी सोडून फक्त आतली काडतुसं घेतली, फडक्याने पुसली आणि कोऱ्या डबीत भरून कॅप्टनकडे नेली. कॅप्टनने डबी हातात घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "झेन?"

"झेन," जयराम म्हणाला. कॅप्टनने डबी न उघडता खिशात टाकली. एवढंच जयरामने घरी आल्यावर सांगितलं. दुसऱ्या कुणाला कॅप्टनने डबी उघडून दाखवायला लावली असती.

मग चार दिवस काहीच झालं नाही. जयराम जेवेना. नर्मदा इस्पितळात मागच्या दाराकडे बघायचं टाळायची आणि तरी तासातासाला बघून यायची. कुणी आलं नाही. न येण्याचा अर्थ काय लावायचा?

पाचव्या दिवशी दोन सैनिक येऊन त्याला घेऊन गेले. या वेळी त्यांनी जिन्यावर त्याच्या दंडाला धरलं होतं. नर्मदेची दुपारपाळी होती, ती गेली नाही. तिने डाळ निवडायला घेतली. निवडलेली डाळ परत सुपात ओतून परत निवडली. नळावर बाई नव्हती, जिन्यात पोरं नव्हती. सगळी इमारत त्याच्या पावलांची वाट बघत असल्यासारखी मुकाट होती.

ऊन उतरताना तो आला. डावा कान सुजून काळानिळा, शर्टावर रक्ताचे थेंब. हातात पासपोर्ट.

तिने कान पुसला, आत टॉर्च मारून बघितलं. पडदा फाटला होता. "काय म्हणालो तो?"

"म्हणालो, तुझी पारख मेली. जा तुझ्या देशात, तुका फुकट पोसूक नको." जयराम भिंतीला टेकून बसला. "डबीच मारल्यान तोंडावर. सगळी जमिनीवर सांडली. माका येचूक लावल्यान."

"झाला मगे. सुटलाव."

"अर्धीच होती, नर्मदा."

"काय अर्धी?"

"डबी भरून दिललंय. येचलंय ती अर्धी. बाकीची..." तो तिच्याकडे बघत राहिला. "बाकीची खय वापरल्यान?"

"कबुतरां मारल्यान आसतील," नर्मदा म्हणाली आणि ट्रंक ओढायला आत गेली.

शेवटच्या बसांपैकी एका बसने ती दोघं निघाली. चौकीवर एका पोराने जयरामच्या कानाकडे बघून दात काढले आणि बस सोडली. बाहेर नुसती वाळू, मधूनच सोडून दिलेल्या मोटारी, दारं सताड उघडी. बसमध्ये बायका हुंदके देत होत्या, कुणी आपल्या फ्रिजचं नाव काढून, कुणी पगाराचं. जयराम उजवा कान तिच्याकडे करून बसला होता, कारण डाव्याने ऐकू येत नव्हतं.

बसरा जवळ आलं तेव्हा त्याने विचारलं, "तू कितके बघलंस?"

नर्मदा खिडकीकडे तोंड करून होती. "एक."

"एकच?"

"एकच. सांगलंय ना तेव्हा." तेव्हा तिने आकडा सांगितला नव्हता, त्यानेही विचारला नव्हता. आता त्याने विचारला आणि ती एवढ्या सहज बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. वॉर्डात नातेवाइकांना सांगताना लावायची तोच आवाज, आता बरे आहेत, झोप लागली आहे.

जॉर्डनच्या तंबूत पाण्याच्या रांगेत त्याने परत विचारलं. मुंबईला विमान उतरताना परत. ती दर वेळी एकच म्हणाली.

जानेवारीत कुडाळला, मामाच्या घरात, रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. विमानं बगदादवर बॉम्ब टाकत होती. मामाने आवाज वाढवला, योगिनीने भाकरी वाढली. जयरामने घास खाली ठेवला आणि उजवा कान नर्मदेकडे वळवला. "एकच ना?"

"एकच."

"काय एकच, आई?" योगिनीने विचारलं.

"काय नाय गो. तुझ्या बापाशीक अजून आमटी होयी काय ती बघ," नर्मदा म्हणाली.